मखमलीवरची द्राक्षं

माझ्या सासूबाईंची काळ्या मखमलीची एक पर्स होती. तिच्यावर द्राक्षांचा घड आणि तीन पानं. लग्नाआधी शिरूरच्या मिशनमधल्या शिवणवर्गात त्यांनी ती स्वतः रंगवलेली. दर रविवारी चर्चला जाताना ती त्यांच्या हातात असायची. माझा नवरा गेला, त्यानंतरही.

तो गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. "जेवलीस का?" "हो, आई." दिवसभरात बोलणं एवढंच. त्याचं नाव ना त्या काढायच्या, ना मी.

एका दुपारी मी पर्स उन्हात ठेवत होते. एवढी वर्षं पाहूनही कधी विचारलं नव्हतं, ते सहज तोंडून गेलं. "आई, ही द्राक्षं अशी गोल कशी दिसतात हो?"

त्या उठल्या. ट्रंकेतून द्राक्षांचे, पानांचे आकार कापलेले, पिवळे पडलेले मेणकागदाचे साचे काढले. मखमलीचा एक तुकडाही काढून माझ्यापुढं पसरला.

"माझे हात कापत्यात आता. तू कर."

एकाआड एक द्राक्षांचा एक साचा, मधल्या द्राक्षांचा दुसरा. ब्रशवर रंग नावालाच, जवळजवळ कोरडा. कडेला दाबायचं, मध्ये हलकं सोडायचं. "रंग फासू नको. लव मोडंल," त्या सारखं म्हणायच्या. तरी माझा साचा सरकला आणि एक द्राक्ष फिसकटलं. मखमल काही धुता येत नाही. मला रडूच फुटलं, आणि ते त्या द्राक्षासाठी नव्हतं हे दोघींनाही कळत होतं.

त्या माझ्याजवळ सरकल्या. "तिथं पान कर," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "त्यालाबी द्राक्षं लई आवडायची."

त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत त्याच्याविषयी बोललो.

पुढच्या उन्हाळ्यात त्याही गेल्या. पर्स मी त्यांच्या हातात दिली, ती त्यांच्याबरोबरच मातीत गेली. मला कुरकुंभला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली आणि मी दौंडला खोली घेतली. साचे सोबत आणले. संध्याकाळी परत आल्यावर कुणाशी बोलायचं नसतं, तेव्हा ते काढून बसते. माझ्या पाकिटावरची द्राक्षं बघून ऑफिसातल्या एकीनं विचारलं, "मॅडम, प्रिंट कुठून करून घेता?" मी हातानं करते म्हटल्यावर ती "अरे वा" म्हणाली आणि मोबाइलकडं वळली.

परवा चष्म्याचं एक घर पूर्ण झालं. पानाच्या कडेला सावली जरा जास्त झालीय असं मला वाटतं. पण खात्रीनं सांगणारं आता कुणी नाही.