माझा खाडा

आमच्या कारखान्यात रजा मागायची पद्धत नाही. मागितली तर शेठ नाही म्हणतो, म्हणून बाया मागतच नाहीत, सरळ खाडा करतात. मग सकाळची शिफ्ट सुरू झाली की मी जिन्यात उभी राहून एकेकीला फोन लावते. “कुठे आहेस? का आली नाहीस?” पलीकडून कारण येतं आणि मी म्हणते, “हेच सगळ्या सांगतात.” माझी नोकरी एवढ्यात सांगून झाली.

सुरतेच्या उधन्यात साड्यांवर मशीनची एम्ब्रॉयडरी होते. मशीनवर पुरुष असतात. साडी उतरली की लोंबणारे धागे कापायचे, टिकल्या चिकटवायच्या, घडी घालायची, हे वरच्या मजल्यावर बायांकडे. मी त्यांच्यावर देखरेखीला. शेठ मला बेन म्हणतो, बाया ताई म्हणतात, आणि माझ्या पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, इथे लिहिण्यासारखं नाही.

इतकी वर्षं फोन करून मला कोण कधी गायब होणार हे पंचांग न बघता कळतं. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली की खानदेशच्या बाया माहेरी. मशीनवरचे ओडिशाचे लोक रथयात्रेला, बिहारचे छठला. बारडोलीकडे ऊसतोड लागली की डांगातल्या दोघीतिघी कोयता घेऊन तिकडे जातात आणि गाळप संपल्यावर काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत येऊन बसतात. माझे मिस्टर हजीऱ्याला प्लांटमध्ये होते. तिथे गेटवर कार्ड दाखवायचं, आला नाहीत तर मशीन गुपचूप नोंद करणार, कुणी फोनबिन करणार नाही. ते मला चिडवायचे, “तू म्हणजे पोलीस आहेस की शाळेतली बाई?” त्यांना जाऊन तीन पावसाळे झाले. मुलगी बडोद्याला असते, रविवारी फोन करते, तिच्या मागेही संसार आहेच.

मला एकटीला राहायची भीती वाटत नाही. भीती वेगळीच आहे. रात्री कडी लावताना मनात येतं, उद्या ही कडी आपल्याकडून उघडली गेली नाही, तर कळणार कुणाला आणि कधी? रविवारी? सोमवारी आडवी झाले तर आठवडाभर? आमच्या चाळीत खालच्या खोल्यांत सगळे पाळीवाले. दिवसाचे कामावर, रात्रीचे झोपलेले. दार वाजवायला कुणाला सवड आहे?

गेल्या दिवाळीच्या सीझनमध्ये मला ताप भरला. अंग असं ठणकत होतं की पाणी प्यायला उठणंसुद्धा जिवावर आलं. सकाळी फोन उशाशी होता. कारखान्यात कळवायला काहीच अवघड नव्हतं. पण मी कळवलं नाही. मुद्दामच. म्हटलं, इतक्या जणींना मी विचारते, आज बघू या मला कोण विचारतं. हट्टी स्वभाव, दुसरं काय. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि कान मात्र सगळा फोनकडे.

फोन वाजला. शेठ होता. “बेन, आजे केटली आवी?” किती बाया आल्या, एवढंच.

“मला काय माहीत शेठ, मी घरी आहे. तापाने पडलेय.”

मला वाटलं, आता विचारेल, डॉक्टरकडे गेलात का, सोबत कुणी आहे का.

“तो घरेथी फोन करी लो ने, बेन,” शेठ म्हणाला. म्हणजे घरूनच फोन करून बायांना विचारून घ्या. मी हो म्हटलं आणि फोन पालथा टाकला. कुणालाही लावला नाही. शेठ वाईट माणूस नाही. सीझनमध्ये त्याला फक्त साड्या दिसतात. पण त्या वेळी मला रडू आलं, आणि रडताना ऐकणारंही कुणी नाही म्हणून आणखी रडू आलं.

कामावर आलेल्या बायांकडून मला आशा नव्हती. त्यांचे मोबाइल दाराशीच पेटीत ठेवून घेतात, आणि तो नियम माझाच. दुपार टळली. बाहेर कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्याही बंद झाल्या. मला उगाचच वाटत राहिलं की मी या खोलीत नाहीच, फक्त माझं अंथरूण आहे.

तेवढ्यात दार वाजलं. कसंबसं उठून उघडलं, तर समोर आमची खाड्यांची राणी. खानदेशातली, उंच, ठसठशीत कुंकू लावणारी, पदर खोचलेला. सगळ्यात जास्त खाडे हिचे. हिची सासू इतक्यांदा आजारी पडलीय की मी एकदा फोनवरच म्हटलं होतं, म्हातारीला प्रदर्शनात ठेवा. मिस्टर गेले तेव्हा बाया येऊन गेल्या होत्या, त्यात ही होती, म्हणून तिला घर माहीत.

“ताई, काय व्हयनं?” ती दारातूनच म्हणाली. “आज मना खाडा. सासूले दवाखानामा ली जावानं शे, असं सांगानं ठरावी सकायपासून बसनू, अन् तुमना फोनच उना नही!”

“मग तू करायचास फोन.”

“मी कशी करू? मना खाडा मीच सांगू का?”

ताप असूनही मला हसू आलं. तिचं बरोबर होतं. आजवर फोन जायचा तो माझ्याकडूनच. तिने खोटं कारण तयार ठेवलं, वाट बघितली, वाट बघून बघून तिला चैन पडेना, आणि शेवटी ती डबा घेऊन निघाली. ज्या कामावर होत्या त्यांना मी नाही हे दिसत होतं, पण त्यांना उठता येत नव्हतं. जी पळाली होती तिलाच यायला सवड होती.

तिने कपाळाला हात लावला, शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे रिक्षाने नेलं, परत आणून खिचडी चारली. बोलली फारशी नाही; तापात मीच तिला कडीची ती भीती सांगून टाकली. संध्याकाळी जाताना मी विचारलं, “सासू खरंच आजारी असते का गं?”

“कधी कधी,” ती म्हणाली.

ती गेल्यावर खोली आणखीच रिकामी वाटली. असं होतंच, कुणी येऊन गेलं की. रात्री कडी लावताना तोच विचार आला. उद्या ती कामावर जाईल, आणि मग इथे कोण येणार? औषधाच्या गुंगीत कधी झोप लागली कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माझी फोन करायची वेळ असते नेमकी तेव्हा, माझाच फोन वाजला. पलीकडे मशीनची घरघर ऐकू येत होती. म्हणजे ती जिन्यात उभी होती, मी उभी राहते तिथे, मोबाइल पेटीत टाकायच्या आधी.

“ताई, कोठे शेतस तुम्ही? काबरं उनात नही?” आवाज अगदी माझ्यासारखा चढवलेला.

इतक्या जणींची कारणं ऐकलेली मी, मला एक वाक्य धड जुळवता येईना. शेवटी म्हटलं, “ताप आहे गं अजून. उद्या येते.”

“असंच सांगतस समद्या,” ती म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधी हळूच विचारलं, “कडी काढी का?”

मी उठले आणि कडी काढली.