आजी, तुमी साहेब व्हा

“तुम्हाला घेता येणार नाही,” असं फोनवर ऐकून माझ्या शेजारी बसलेल्या पोरीचा चेहरा उतरला. परभणीहून मानवतची एसटी नुकतीच सुटली होती. फोनचा आवाज मोठा, म्हणून मलाही ऐकू आलं. आता ही रडणार म्हणून मी जरा सरकून बसले. पण तिनं विचारलं, “सर, माझं काय चुकलं तेवढं सांगा.”

साड्यांच्या दुकानातली नोकरी होती. मुलाखतीत ती मान खाली घालून बोलली, तेच नडलं.

“बघा आजी,” फोन ठेवून ती म्हणाली, “मोठ्यांपुढं नजर खाली ठेव म्हणून आई कानीकपाळी ओरडत आली, आन् त्याच्यापायीच मला घेतलं नाही. उद्या दुसऱ्या दुकानात जायचंय. तुमी साहेब व्हा, मी तुमच्याकडं बघून बोलते.”

“बघ खुशाल. मला मोतीबिंदू हाय.”

ती बोलायला लागली. मान खाली गेली की मी तिच्या हनुवटीला बोट लावायची. पुढच्या बायाही वळल्या. “आता माझ्याकडं बघ गं,” म्हणत एकेक जण साहेब होऊन तिला छळायला लागली. तेवढ्यात कंडक्टर आला. तिनं थेट त्याच्या डोळ्यांत बघून पेडगावचं तिकीट मागितलं. त्यानंच मान खाली घातली. अख्खी गाडी हसली. मला लय मजा आली.

पुढं तिचं काय झालं, मला ठाऊक नाही. नावही विचारलं नाही. तिच्या बोलण्यातून कळलं ते एवढंच: मेंढरं राखणाऱ्याची लेक होती, घरातून नोकरी मागायला निघालेली पहिलीच.