विहिरीच्या पाण्याचं वरण

सरळ सांगते. त्या दिवशी शाळेतली डाळ कच्ची राहिली ती माझ्यामुळे.

माझी आई आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते. तुरीच्या डाळीसाठी ती रोज विहिरीच्या दोन घागरी डोक्यावर आणायची. शाळेत बोअरचा नळ असताना! मी बायकांच्या संघटनेत नवी होते, त्यांची पत्रकं लिहायचे. 'नळ दारात, मग घागर डोक्यावर का?' हे छापून गावभर वाटलं. आईलाही बजावलं, "आता विहिरीवर गेलीस तर बोलणार नाही तुझ्याशी."

ती गेली नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्यात तूर शिजत नाही, हे गावातल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शाळेत आईजवळच होते. दोन तास उकळूनही दाणा बोटात दबेना.

"माय, काऊन नाई शिजून राह्यली?" मी विचारलं.

"तुह्या पत्रकाले विचार."

मुख्याध्यापक आले. "वाढून टाका ना मावशी. पोरं काही म्हणत नाहीत."

"पोरं काई म्हनत नाईत, म्हनूनच नाई वाढत, सर."

मी घागर उचलली. विहिरीच्या दोन खेपा केल्या. आईने खारं पाणी ओतून दिलं, डाळ परातीत लोट्याच्या बुडाने रगडली आणि नव्या पाण्यात पुन्हा चढवली. पोरं रिकामी ताटं घेऊन बसलेली. एकही ओरडलं नाही. भुकेली लेकरं इतकी गप्प कशी बसतात, याचाच मला संताप आला. पाऊण तासाने वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी आईला मुख्याध्यापकांची नोटीस. उशीर का झाला, लेखी खुलासा द्या, नाहीतर काम बंद. कच्ची डाळ वाढली असती तर कुणी विचारलंही नसतं! मी तीन पानं खरडली. डाळ शिजेल असं पाणी द्यायची जबाबदारी कुणाची, हे विचारलं. शेवटी माझी चूकही लिहिली.

आईने वाचायला लावलं. "भाषन नको. अन् तुहं नाव पाह्यलं की सर आनखी भडकतीन. लिही, विहिरीचं सोडून बोअरचं पानी मीच घेतलं, माह्या मनानं."

"पण ते खोटं आहे."

"मले काम पाह्यजे, बाई."

मी दोन ओळी लिहिल्या. तिने खाली सावकाश सही केली.

आईचं काम टिकलं. आता एक घागर मी नेते. विहिरीवरच्या बायका विचारतात, "काऊन वं, पत्रक संपलं का?"

संपलं नाही. नवं लिहिते आहे, विहिरीचं पाणी शाळेपर्यंत नळाने यावं म्हणून. छापायच्या आधी आईला वाचून दाखवणार आहे.