हक्कसोडाची साडी

नातेवाइकांत माझी ओळख 'कायद्यातला ढ' अशी आहे. (मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो!)

बाबा गेल्यावर सावली गावाजवळची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, मी माझ्या एकट्याच्या नावावर करायला निघालो. आमच्याकडे रीतच आहे: बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं तिला साडी घ्यायची. भद्रावतीहून धाकटी बहीण शोभा आली, मी साडी तिच्या हाती ठेवली. ऑटोत तिनं विचारलं,

"दादा, हक्कसोड म्हंजे का?"

"काई नाई वो. नाव माहं लागते. तुहा हक्क तुहाच राह्यते."

"मंग ठीक हाये."

नोंदणी कार्यालयात बाकावर आणखी तीन भाऊ आपापल्या बहिणींना घेऊन बसलेले. तिघांच्याही मांडीवर साडीच्या पिशव्या! अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "ताई, कागद समजला ना?"

"समजला ना! वावर दादाच्या नावानं होते, हक्क माहाच राह्यते."

बाईंचं पेन थांबलं. "कोणी सांगितलं?"

"दादानं! मास्तर हाये ना तो, नागरिकशास्त्राचा!"

सारं कार्यालय माझ्याकडे वळलं. बाईंनी सावकाश समजावलं: हक्कसोड म्हणजे आपला हिस्सा कायमचा सोडणं. झालं! बाकावरून एक बहीण कडाडली, "काऊन रे, तू त म्हनत होता रेशनकार्डाचं काम हाये!" दुसरीचा भाऊ पाणी प्यायला म्हणून उठला, तो आलाच नाही!

शोभानं सही केली नाही. पण बाईंनी माझ्यावर डोळे वटारताच तीच मध्ये पडली. "जाऊ द्या बाई, त्यालेच अर्थ मालूम नसन. लहानपनापासून असाच भोळा हाये."

सातबाऱ्यावर आज दोघांची नावं आहेत. साडी तिनं परत दिली नाही. दर भाऊबीजेला तीच नेसून येते, हा किस्सा रंगवून सांगते, आणि सगळ्यांबरोबर मीही हसतो.

खरं सांगायचं तर मला अर्थ माहीत होता. आदल्या दिवशी मी तो कागद दोनदा वाचला होता. ऑटोत तिच्याकडे न पाहता, रस्त्याकडे बघत बोललो होतो. लबाड म्हणवून घेण्यापेक्षा ढ म्हणवून घेणं सोपं गेलं, म्हणून इतकी वर्षं हसत राहिलो.

यंदाच्या भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर, एकदाचं तिला सांगून टाकलं.

शोभानं ताटातला लाडू माझ्या हातावर ठेवला. "मले त तवाच मालूम होतं. बाईपुढं तुले भोळा म्हटलं ना मी, त्याले खोटी साक्ष म्हनते, मास्तर!"

म्हणजे नातेवाईक म्हणतात ते बरोबरच आहे.