गोळी घेतली, पण उपास होता

आज दुपारी पेणच्या आमच्या दवाखान्यात जे झालं, ते माझ्या नर्स मैत्रिणींसाठी लिहितेय.

मिठागरात काम करणाऱ्या हिरामावशी पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला दिवसाआड येतात. पट्टी सोडेपर्यंत माझी थट्टा चालू असते. "गो पोरी, लगीन कवा करतंस?" आज मात्र त्या गप्प होत्या. बीपी ठीक, ताप नाही. "बरी हाय गो, जरा नीज येतंय," म्हणाल्या. बाहेर रांग होती. पट्टी बांधून मी त्यांना सोडलंही असतं. पण कपाळाला हात लावला, तर गार घाम.

लगेच शुगर तपासली. एकावन्न, फारच कमी.

डॉक्टरांना हाक मारली आणि साखरेचं पाणी समोर धरलं. मावशींनी तोंड फिरवलं. "चंद्र निघाल्याबिगर काय नाय." आज संकष्टी! "मावशी, साखर उपासाला चालते," मी जवळजवळ ओरडलेच. तेव्हा कुठे त्या घोट घोट प्यायल्या. पंधरा मिनिटांनी शुगर वर आली.

"सकाळी शुगरची गोळी घेतली होतीत?"

"व्हय तर! तूच बोललीस ना, काय पन झाला तरी गोळी चुकवू नको."

खरंच, मीच सांगितलं होतं. माझी आईसुद्धा दर संकष्टीला उपास करते. घरातली पहिली पदवीधर मी, पण मावशींना उपासाचं विचारायचं मला सुचलं नाही. त्यांनी माझं ऐकून उपाशीपोटी गोळी घेतली, म्हणून त्यांच्या जिवावर बेतलं.

तुम्ही गोळ्या समजावताना उपासाचं विचारता का?