सटवाजींचा खडा आणि सरकारी मोहोर

विषय : सटवाजी माळी, वस्ती येडशीजवळ, यांच्या मुतखड्याचे पृथक्करण.
संदर्भ : त्यांचाच अर्ज.

कचेरीत फायली साचतात, तसे किस्सेही. फायलींना वाळवी लागते, किस्से शाबूत राहतात. निजामाचं संस्थान विलीन झाल्यानंतर मी उस्मानाबादकडच्या एका दवाखान्यात कारकून होतो. हा त्यातलाच एक, एका खड्याचा.

डॉक्टरांनी सटवाजींच्या पोटातून सुपारीएवढा खडा काढला. म्हणाले, "मुंबईला पाठवू. तिथं पूड करून तिच्यातून किरण सोडतात. वर्णपट निघतो, खडा कशाचा बनलाय ते कळतं."

सटवाजी ताडकन उठून बसले. "पूड? आन् आत हिरा निघाला तर?"

खरी काळजी निराळी होती. खडा त्यांच्या विहिरीच्या पाण्यानं झाला, अशी भावकीनं आवई उठवली होती. येडशीच्या बाजारात त्यांची वांगी कुणी घेईना. "पाण्याचा दोष न्हाय, एवढं लिहून द्या!"

आमचे हेडक्लार्क रावसाहेब निजामी अमलात मुरलेले. भरवसा कुणावरच नाही. "वाटेत खडा बदलला तर जिम्मेदार कोण?" डबीला सील केलं, पुडीला केलं, तरी समाधान होईना. शेवटी खड्यालाच लाख थापून वर मोहोर उठवली. "आता बदलून दाखव म्हणावं!"

मुंबईचं उत्तर आलं : वर्णपटात लाखच लाख दिसते, बाकी काही वाचता येत नाही.

डॉक्टरांनी सटवाजींकडे रोखून पाहिलं. "खरं सांगा, लाख खाल्ली होती?"

"साहेब, म्या वांगी खातो!"

रावसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "बघा! मोहोर शाबूत पोचली!"

तोवर खड्यात लाख निघाल्याची बातमी वस्तीवर गेली. भावकीतले दोघे भरदुपारी विहिरीत उतरले आणि लाख शोधून, गाळ घेऊन वर आले.

मुंबईनं नवा नमुना मागितला. रावसाहेबांनी सटवाजींना पत्र धाडलं : 'दुसरा खडा आठ दिवसांत सादर करावा.'

आठव्या दिवशी सटवाजी घागर घेऊन हजर. "ह्येच पाणी म्या रोज पितो. दुसरा खडा झालाच न्हाय. घ्या, तुमीबी प्या!"

रावसाहेब खुर्चीसकट मागं सरकले. "माझा आज उपास आहे."

मग सटवाजींनी अर्ज दिला : दुसरा खडा नाही, सबब विहीर निर्दोष असल्याचा दाखला मिळावा. रावसाहेबांनी शेरा मारला : 'खडा नसल्याचा नमुना जोडावा.'

मी निवृत्त झालो त्या दिवशी अर्ज विचाराधीन होता.