रांजणवाल्याच्या घराला दुसरं दार

आमच्या ऑफिसात इमारती काढल्या जात त्या बांधण्यासाठी. हे आधी सांगायला हवं, कारण नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका मे महिन्यात आमच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना कधीच न बांधायची इमारत काढायला सांगितली.

ऑफिस शारजात, रोल्लाच्या गर्दीत, एका बँकेच्या वर होतं. साहेब लेबनॉनचे. मी पुण्यात आर्किटेक्ट झालेली आणि लग्नानंतर इथे आलेली. माझ्याकडे दुबईच्या अल क्वोज भागातली गोदामं असायची, आणि सगळ्यांचे नकाशे म्युनिसिपालिटीत जाण्याआधी तपासण्याचं काम. पार्किंग, पाण्याची टाकी, कचऱ्याची खोली, वॉचमनची खोली, आगीच्या वेळी बाहेर पडायची दुसरी वाट. ही यादी मला पाठ होती. माझ्या हाताखालून गेलेला नकाशा परत यायचा नाही, याचा मला अभिमान होता आणि अजून आहे.

तर एका वयस्कर स्थानिक व्यापाऱ्यांना सांस्कृतिक केंद्र बांधायचं होतं. त्यांच्या दारात बरेच कन्सल्टंट उभे होते. आमचं ऑफिस नुसती गोदामं काढत नाही, विचारही करतं, हे साहेबांना दाखवायचं होतं. त्यांनी टिशूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीवर जुन्या काळातल्या एका विचारवंताचं नाव. ज्याच्या हाताला जो लागेल त्याच्या विचारांतून त्याने एक घर उभं करायचं, कागदावर आणि मॉडेलमध्ये.

"खर्च विसरा. म्युनिसिपालिटी विसरा," साहेब म्हणाले आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यल्ला, उचला."

आमच्या इजिप्शियन सहकाऱ्याला मिळाला राजघराणी कशी वर चढतात आणि थोड्या पिढ्यांत कशी खाली येतात हे लिहून ठेवणारा अरब इतिहासकार. तो खूश. केरळच्या सीनियरना मिळाला प्रत्येक गोष्टीवर शंका घेणारा फ्रेंच. आणि मला मिळाला मातीच्या रांजणात राहणारा ग्रीक. त्याचं नाव ऑफिसात सहा देशांचे लोक सहा तऱ्हांनी उच्चारत होते, म्हणून आमच्या घरी त्याला नुसतं 'रांजणवाला' म्हणायचं ठरलं.

मी याकडे दुपारच्या चहासारखा विरंगुळा म्हणून पाहिलं असतं. पण त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. रुवैसला, चार तासांवरच्या रिफायनरीच्या गावात, स्टाफ क्वार्टर्सचं काम मिळालं होतं. तिथल्या साइट ऑफिसात कागदपत्रं सांभाळायला कुणीतरी हवं होतं. शनिवारी पहाटे निघायचं, बुधवारी रात्री परत; घरी फक्त गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला.

"मॅडम, तुमच्याइतकं नीटनेटकं काम कुणाचं नाही," साहेब म्हणाले. "दोनच वर्षांचा प्रश्न आहे."

"साहेब, माझी मुलगी सात वर्षांची आहे."

"दोन वर्षांनी नऊ वर्षांची होईल, इन्शाल्ला."

 मग ते जरा नरमाईने म्हणाले, "डिझाइनसाठी तुमची गरज असती तर मी पाठवलं नसतं. पण तुम्ही डिझाइन करता कुठे? तुम्ही तपासता."

म्हणजे प्रश्न सोपा होता. एकतर रांजणवाल्याचं घर, नाहीतर रुवैस.

घरी जाऊन मी नेहमीसारखी सुरुवात केली. क्लायंट आला की मी पहिल्यांदा त्याच्या गरजांची यादी भरून घेते. तशी याचीही भरायला घेतली. बेडरूम: नको. स्वयंपाकघर: नको. गाड्या: नाहीत. भांडी: एक वाटी होती, पण एका पोराला ओंजळीने पाणी पिताना बघून तीही टाकून दिली. पाहुणे: येतात, पण टिकत नाहीत. एकदा एक सम्राट भेटायला आला तर याने त्याला बाजूला व्हायला सांगितलं, ऊन अडतंय म्हणून.

"शारजात असता तर मे महिन्यात त्याला म्हणाला असता, तिथेच उभा राहा," नवरा म्हणाला. तो एसीच्या कंपनीत इंजिनियर. "बरं, रांजणाला किती टनाचा धरायचा?"

"अहो, तुम्ही मदत करताय की चेष्टा?"

"चेष्टा. मदत करायची तर मला क्षेत्रफळ लागेल."

मुलगी गृहपाठातून डोकं वर काढून म्हणाली, "आई, इफ ही वॉन्ट्स नथिंग, जस्ट गिव्ह हिम नथिंग. यू विल फिनिश अर्ली."

सल्ला वाईट नव्हता. अडचण एवढीच की कोऱ्या कागदासाठी साहेबांनी मला ठेवून घेतलं नसतं.

पुढचे काही दिवस मी जे काढलं ते गोदाम दिसायचं. रिकामं गोदाम. इजिप्शियन माझ्या टेबलाशी थांबून मान तिरकी करून बघायचा आणि विचारायचा, "ट्रक कुठून येतात?" त्याच्याकडे एक सुंदर जिना तयार होत होता. डौलात वर जाणारा आणि शेवटी स्वतःच्याच वजनाने ढासळलेला. केरळच्या सीनियरनी घराला दारच दिलं नव्हतं. दार खरोखर आहे का, याचीच शंका, म्हणे. मी म्हटलं, "सर, मग आत कोण जाणार?" ते म्हणाले, "एक्झॅक्टली!" आणि चहा प्यायला गेले.

मला सुचलं ते शुक्रवारी सकाळी, घरी, वजनकाट्यापाशी.

गल्फमध्ये राहिलेल्यांना मे-जून म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. वर्षातून एकदा देशात जायचं आणि विमानात माणशी वजनाची मर्यादा. त्यामुळे सुट्टीच्या आधी घराघरांत हॉलच्या मधोमध बाथरूमचा वजनकाटा येऊन बसतो. बॅग त्यावर नीट राहत नाही, म्हणून घरातला पुरुष आधी एकटा चढतो, मग बॅग पोटाशी धरून चढतो, आणि बाई वजाबाकी करते. जास्त भरलं की काहीतरी काढायचं. पुन्हा चढायचं. पुन्हा काढायचं.

नवरा बॅग घेऊन उभा होता. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी त्यांच्या आईसाठी एक पार्सल घेऊन आल्या होत्या.

"अगं, एक किलोच आहे. बदाम नि थोडी केशर-वेलची."

नवऱ्याने पार्सल बॅगेवर ठेवलं. मी वाकून काटा वाचला. "वहिनी, अडीच भरतंय."

"भाऊजींचा श्वास धरला जात असेल," वहिनी म्हणाल्या. "सोडा हो श्वास, भाऊजी."

भाऊजींनी श्वास सोडला. अडीचच.

मग सुरू झालं काढणं. जाड ब्लँकेट काढलं. दूध पावडरीचा एक डबा काढला. सासूबाईंचे मऊ बूट राहिले, माझी पुस्तकं गेली. नणंदेसाठी घेतलेला मिक्सर काढताना नवरा खाली उतरून मिनिटभर बसला. "बाबा, यू आर द हेवीएस्ट थिंग इन द बॅग," मुलगी म्हणाली. आणि मी बॅगेशेजारी वाढत चाललेला ढीग बघत असताना मला रांजणवाल्याचं घर दिसलं. तो रांजणात जन्मला नव्हता. तोही एकेक गोष्ट काढत काढतच तिथे पोचला असणार. मला रांजण काढायचाच नव्हता, रांजणापर्यंतचा रस्ता काढायचा होता.

"तुम्ही असेच उभे राहा," मी म्हटलं आणि कागद आणायला गेले. नवरा बॅग धरून खरंच उभा राहिला. वहिनी म्हणाल्या, "हिला काय झालं?"

घर असं होतं. एकामागे एक खोल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, प्रत्येकीचं दार आधीच्यापेक्षा अरुंद. पहिल्या खोलीच्या भिंतीला मोठे कट्टे, सामान ठेवायला. सामान खाली ठेवल्याशिवाय पुढच्या दारातून जाताच येत नाही. दुसऱ्या खोलीत पिशव्या राहतात, तिसऱ्या खोलीत कागदपत्रं आणि पदव्या, त्यापुढे घड्याळ आणि किल्ल्या. शेवटी रांजण. एका माणसापुरता, वर भोक, त्यातून ऊन. मॉडेलचा रांजण मी दह्याच्या डब्याला गोंद लावून, वर बारीक वाळू चिकटवून केला.

आणि रांजणाच्या मागच्या बाजूला मी एक दार दिलं. हात आपोआप गेला. माणसाच्या शेवटच्या खोलीला बाहेर पडायची दुसरी वाट नाही, असा नकाशा मी आयुष्यात सोडला नव्हता.

साहेबांनी मॉडेल पाहिलं. चारी बाजूंनी पाहिलं. पहिल्यांदाच ते माझ्या कामाकडे बघताना घड्याळाकडे बघत नव्हते. मग ते मागे गेले.

"हे काय?"

"फायर एक्झिट."

"फायर एक्झिट!" साहेबांनी दोन्ही हात वर केले. "मॅडम, या माणसाकडे जळण्यासारखं काय आहे?"

"त्याच्याकडे नसेल. शेजाऱ्यांकडे असेल."

इजिप्शियन खुर्चीतच वाकून हसत होता. "ही कल्पना आहे, हबीबती, कल्पना! कल्पनेला आग लागत नाही."

"काढून टाका ते," साहेब म्हणाले. "उद्या क्लायंट येणार आहेत. फायर एक्झिट बघून त्यांना वाटेल, आम्ही यापलीकडे जातच नाही."

पण दार काढायचं तर रांजण उचकटावा लागणार, वाळू पुन्हा लावावी लागणार, आणि गोंद वाळायला वेळ नाही. मी व्यवहारी तोडगा काढला. मॉडेलच्या झाडांसाठी ठेवलेल्या हिरव्या स्पंजची एक छान डेरेदार झाडी केली आणि दारासमोर लावली.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आले. पांढरा स्वच्छ पायघोळ कंदुरा, हातात जपमाळ, बरोबर एक सेक्रेटरी. साहेब इंग्रजी आणि अरबी मिसळून समजावत होते. व्यापारी ढासळत्या जिन्यापाशी बराच वेळ थांबले आणि सेक्रेटरीशी हळू काहीतरी बोलून हसले. बिनदाराच्या घरापाशी अजिबात थांबले नाहीत. मग माझ्यापाशी आले आणि माझी साडी बघून सरळ हिंदीत म्हणाले, "बंबई से हो?"

मी चकित. "जी, पुणे से."

"हम बारह साल बंबई में रहे. मोती, खजूर, सब धंधा किया. चलो, बताओ, ये किसका घर है?"

साहेबांना हिंदीचा शब्द येत नव्हता. ते शेजारी उभे राहून हसतमुखाने मान डोलवत राहिले. मी सांगितलं. खोली, सामान, अरुंद दार, पुढची खोली. वजनकाट्याची गोष्टही सांगून टाकली, नवऱ्यासकट. व्यापारी एवढे हसले की सेक्रेटरीने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

मग ते वाकले. "अच्छा. अंदर तो पहुंच गया. वापस आएगा तो रास्ते में सब सामान फिर उठाएगा? घड़ी, चाबी, थैला?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. मी उत्तर जुळवत असताना त्यांनी जपमाळेच्या टोकाने ती डेरेदार झाडी बाजूला सारली.

"और ये दरवाज़ा?"

साहेबांचा चेहरा पडला. मी खरं तेच सांगितलं. "आग लगे तो भागने के लिए, साहब."

"भागेगा तो सामान पीछे रह जाएगा."

"जी. रह जाएगा."

"और आदमी खाली हाथ बाहर."

"जी."

ते दाराकडे बघत राहिले. साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काय म्हणतायत?"

"झाड आवडलं त्यांना," मी म्हटलं.

व्यापारी सरळ झाले. "बेटी, इसके पास कुछ नहीं था, इसका घर बनाना आसान है. हमारे घर में सब कुछ है. हमारी बेगम का चालीस साल का सामान. कमरे में पैर रखने की जगह नहीं. उनके लिए ऐसा घर बनाओ, तो मानें." मग सगळ्यांकडे बघून एक इन्शाल्ला, आणि गेले.

ऑफिसने त्या इन्शाल्लाचा अर्थ लावण्यात आठवडा घालवला. केरळच्या सीनियरना अर्थातच शंका होती. मी तोपर्यंत रुवैसची तयारी सुरू केली. मुलीचा डबा, बसची वेळ, कुठल्या दिवशी कुठली भाजी, गॅसवाल्याचा नंबर, सगळं लिहून फ्रिजवर लावलं.  पुन्हा वाचायला घेतलं, पण शेवटपर्यंत वाचू शकले नाही.

मग फोन आला. सांस्कृतिक केंद्राचं पुढे बघू, असं सेक्रेटरीने सांगितलं. पण घराच्या आतला भाग नव्याने करायचा आहे. बायकांच्या खोल्या आहेत, मापं घ्यायला बाईच आली पाहिजे, आणि घरच्या बाईंच्या सवडीने, एकेक खोली करत, काम चालेल. वर्ष लागेल, दोनही लागतील.

साहेबांनी ऑफिसभर नजर फिरवली. आर्किटेक्ट बाई मी एकटीच होते. त्यांनी रुवैसची फाइल उचलली, माझ्या टेबलावरून सीनियरच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "खलास."

सीनियरना साइटचा भत्ता हवाच होता, त्यांनी आनंदाने घेतली. मी शांतपणे फोनकडे गेले आणि नवऱ्याच्या ऑफिसचा नंबर फिरवला.

"रुवैस रद्द झालं."

"बरं," तो म्हणाला. आजूबाजूला माणसं असली की त्याचा आवाज असाच कोरडा असतो. फोन ठेवला.

पाच मिनिटांनी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. तो खाली रस्त्यावर जाऊन कार्ड घालायच्या फोनवरून बोलत होता.

"नक्की ना?"

"नक्की."

"दोन्ही वर्षं?"

"दोन्ही."

 मग म्हणाला, "मी एक छोटा कुकर घेतला होता. दोन माणसांचा, मला नि पोरीला पुरेल असा. गाडीच्या डिकीत आहे."

 या माणसाने मला एक अक्षर कळू दिलं नव्हतं.

"केवढ्याला?" मी विचारलं.

"पंचेचाळीस दिरहम."

"सव्वापाचशे रुपये! पावती आहे?"

"आहे."

"मग आत्ताच जा, परत करून या. दुपारी एकला दुकानं बंद होतात."